‘हुशार आहे, पण...’ या ‘पण’चं काय करायचं?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा पेरणीची घाई होती. वाफसा होता, मजूर मिळत नव्हते, आणि अशा गडबडीत एक दिवस तालुक्याच्या गावी मोटर वाइंडिंगचे दुकान चालवणारा एक गडी माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. वय चाळिशीचे, हाताला वार्निशचा वास. पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, ओळखलं का?"

ओळखले. १९९४ साली चौथीला माझ्याच वर्गात होता.

"तुम्ही मला शिष्यवृत्तीच्या जादा तासातनं काढलं होतं. आता माझ्या पोराला शाळेतनंच काढायला निघालेत. एकदा येऊन बघा."

राग नव्हता त्याच्या बोलण्यात. पण माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. कारण त्याने सांगितले ते खरे होते. दोन शिक्षकांची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. त्या काळी चौथीला आणि सातवीला शिष्यवृत्ती परीक्षा असे, आणि शाळेची अब्रू किती पोरे शिष्यवृत्तीत आली यावर ठरे. हा पोरगा तोंडी हिशेबात मलाही मागे टाकायचा. पावणेदोनशे रुपये क्विंटलने साडेतीन क्विंटलचे किती, हे मी फळ्यावर लिहीपर्यंत उत्तर यायचे, तेही हात वर न करता, दुसऱ्याचा नंबर असताना. पण पेपर हातात दिला की मागचे पान कोरे. बेरजेच्या जागी वजाबाकी. पेन्सिल हरवलेली, पट्टी हरवलेली, आणि पेपर अर्धा झाला की साहेब खिडकीत. मी समजावले, मग ओरडलो, मग फोक घेतली. शेवटी ‘तुझ्यामुळं बाकीच्यांचं नुकसान होतं’ म्हणून जादा तासातून काढून टाकले. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिला, ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ असा शेरा मी नोकरीत किती पोरांच्या पुस्तकावर लिहिला असेल, मोजलेले नाही. आज हा लेख त्या ‘पण’बद्दल आहे.

पोरगा नववीत नापास झाला आणि शाळा सुटली. पुढे एका वायरमनच्या हाताखाली लागला, आणि आज आजूबाजूच्या गावांतली जळालेली मोटर त्याच्याकडे येते. कोणी म्हणेल, बघा, झालंच की चांगलं! मीही मनाची अशीच समजूत घालत होतो. पण तोच म्हणाला, "मला डिप्लोमा करायचा होता, गुरुजी. डोकं होतं, पण बूड टेकत नव्हतं." दुकानाचा हिशेब बायको ठेवते, कारण त्याच्या हातून बिले हरवतात. उधारी कोणाकडे किती, आठवत नाही. आणि हा तरी आपल्याला दिसतो आहे. जे दारूत गेले, ज्यांनी रागाच्या भरात मारामारी करून केस अंगावर घेतली, ज्यांनी दहा धंदे सुरू करून दहाही अर्धवट सोडले, त्यांतले किती जण असे होते, कोण सांगणार?

मी शाळा बघायला गेलो. पोरगा पाचवीत आहे. वर्गात पाऊल टाकल्याबरोबर त्याने मला विचारले, "बाबा, तुमच्या मोटरीला एक फेज गेली तर ती का जळते माहीत आहे का?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःच सांगितले, की फेज गेली तरी मोटर तेवढेच ओझे ओढायला बघते, मग उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट जातो, वाइंडिंग तापते. बरोबर सांगितले. पाचवीतला पोरगा! आणि याच पोराने जूनपासून चार कंपासपेट्या हरवल्या आहेत, मराठीच्या वहीत एकही धडा पुरा नाही, आणि पोषण आहाराच्या रांगेत पुढे घुसून दोघांना ढकलून पाडले. बाई वैतागल्या आहेत. त्यांनाही दोष देता येत नाही. दोन वर्ग एकीच्या गळ्यात, वर ऑनलाइन माहिती भरायची, सर्वेक्षणे करायची, निवडणूक आली की ती ड्युटी. "याला दुसऱ्या शाळेत घाला," असे शाळेतूनच तोंडी सांगण्यात आले. लेखी कोणी देत नाही, कारण लेखी देता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. सरपंचांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी एवढे एक वाक्य पाठ करून ठेवावे.

बापाचे लक्षण पोरात आले म्हणून आपण हसतो. पण त्यात शास्त्र आहे. या प्रकाराला डॉक्टर लोक एडीएचडी म्हणतात, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. आपल्या भाषेत लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा. हा प्रकार घराण्यात चालतो, उंचीसारखा. जगभरच्या अभ्यासांत शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांत तो आढळतो. म्हणजे तीस-चाळीसच्या पटात एखादे-दुसरे पोर. हे शहरी लोकांचे नवे फॅड आहे असे कोणी समजू नये. लंडनच्या जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टराने १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. बुद्धी ठीक, पण स्वतःवर ताबा राहत नाही. गंमत म्हणजे त्याने त्याला नैतिक ताब्यातला दोष मानले. डॉक्टर असून त्याचीही गत आमच्या छडीवाल्या मास्तरांसारखीच झाली! आज हे ठाऊक आहे, की हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. आईबापाच्या लाडामुळे तो होत नाही, साखर खाल्ल्याने होत नाही, आणि दृष्ट लागल्यानेही होत नाही. अंगारे-धुपारे करणाऱ्याच्या दारी पैसे घालवू नका.

आता पारावरचा नेहमीचा सवाल. "अहो, लक्ष नाही म्हणता, मग मोबाइलवर दोन-दोन तास कसा बसतो? बापाच्या दुकानात जुना स्टार्टर खोलत चार तास कसा बसतो?" सवाल रास्त आहे. मलाही हेच वाटायचे, आणि ‘याला येतं, हा करत नाही’ म्हणून हात उचलला जायचा. पण या मुलांकडे लक्ष नसते असे नव्हे. लक्ष कुठे लावायचे आणि कधी काढायचे, याचा खटका त्यांच्या हाताशी नीट नसतो. आवडीच्या कामात ते इतके गुंततात की जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि नावडत्या कामात दहा मिनिटे म्हणजे डोंगर. विहिरीला पाणी आहे, पण बारे धरणारा माणूस झोपला, तर एक वाफा फुटून वाहतो आणि शेजारचा कोरडा राहतो. तसे काहीसे.

हुशार पोराच्या बाबतीत तर दुहेरी नुकसान होते, आणि मला सांगायचे आहे ते हेच. ज्या पोराला अभ्यास जड जातो आणि वर हा चंचलपणा आहे, त्याच्याकडे निदान कोणाचे तरी लक्ष जाते. हुशार पोर पहिली-दुसरी-तिसरी नुसत्या डोक्याच्या जोरावर काढते. एकदा ऐकले की येते, म्हणून वही पुरी नसली तरी पास होते. त्याची अडचण कोणाला दिसत नाही. पाचवीनंतर विषय वाढतात, लिहायचे वाढते, लक्षात ठेवून, ठरवून करायचे काम वाढते. तिथे गाडी अडते. तेव्हा मास्तर म्हणतात आळशी झाला, आई म्हणते संगत लागली. आणि उलटही होते. गबाळी वही, अर्धवट पेपर आणि रोजची तक्रार यांच्याखाली त्याची हुशारी झाकून जाते. ज्याला मोटरीच्या तिन्ही फेज समजतात, तो ‘ढ’च्या बाकावर बसतो. काही दिवसांनी त्यालाही वाटायला लागते की आपण ढच आहोत. तिथून पुढचे मी लिहीत नाही, गावोगावी डोळ्यांना दिसते.

सरकारी कागदांतही हे पोर असेच मधल्या मध्ये अडकले आहे. हुशार मुलांसाठी आपल्याकडे काही गोष्टी आहेत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालये निघाली, त्यांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. शिष्यवृत्ती परीक्षा आहे. पुण्यात तर अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठीच. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही विशेष गुणवत्तेच्या मुलांसाठी वेगळा मजकूर आहे. दुसऱ्या बाजूला अपंगत्वाचे कायदे आणि योजना आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत. त्यात वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडीचे नाव नाही. मग हुशार मुलांच्या यादीत हे पोर पेपर पुरा करत नाही म्हणून येत नाही, आणि दुसऱ्या यादीत नाव नाही म्हणून येत नाही. दोन गटांच्या बांधावर उगवलेल्या रोपासारखे, दोन्हीकडचा शेतकरी त्याला पाणी देत नाही.

माझे मत असे, की त्या २१ प्रकारांत एडीएचडीची भर पडायला हवी, निदान परीक्षेतल्या सवलतीपुरती तरी. नवोदयच्या निवड परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे आणि उत्तरे कागदावर गोल काळे करून दाखवायची. बुद्धी तपासायला हे ठीक, पण एक ओळ चुकली की पुढचे सगळे गोल घसरतात, आणि या पोरांची ओळ चुकतेच. तिथे बुद्धी नापास होत नाही, गोल नापास होतात. पण कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक लक्षात ठेवावे. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना जोडीने वाचन-लेखनाचीही अडचण असते, आणि ती कायद्यात आहे. म्हणून तपासणी करायची ती दोन्हींची करून घ्यावी. प्रमाणपत्राचा रस्ता तिथून उघडू शकतो.

तपासणी कुठे, हा पुढचा प्रश्न. पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. दोन डॉक्टर, औषध निर्माता आणि नर्स असे पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या पथकाने ज्या ३० आजार-विकारांकडे बघायचे, त्या यादीत एडीएचडी आहे. हे मात्र फार थोड्या पालकांना, आणि खरे सांगायचे तर फार थोड्या शिक्षकांना माहीत आहे. पथक येते, दात बघते, डोळे बघते, नायटे-खरूज बघते, रक्त कमी आहे का बघते आणि दिवसाचा आकडा पुरा करून पुढच्या शाळेला जाते. त्यांची चूक काढायची नाही. एका पोरामागे काही मिनिटे मिळतात, आणि गंमत अशी की नव्या डॉक्टरासमोर हे पोर शहाण्यासारखे बसते! नवी माणसे, नवी यंत्रे, सगळे लक्ष त्याच्यावर. मग त्याच्यात चंचलपणा दिसणार कसा?

म्हणून काम शाळेने आधी करायला हवे. पथक यायच्या आधी वर्गशिक्षकाने अशा पोराबद्दल अर्धे पान लिहून ठेवावे. काय होते, केव्हा होते, किती महिन्यांपासून होते, आणि काय चांगले येते तेही. ‘खोडकर आहे, अभ्यास करत नाही’ असे मोघम लिहिल्याने डॉक्टरला काही कळत नाही. ‘तोंडी गणित वर्गात सर्वांत आधी सोडवतो, लेखी पेपरात निम्मे प्रश्न सोडून देतो, रोज एक तरी वस्तू हरवतो, दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देत नाही, सहा महिन्यांहून जास्त काळ असेच चालू आहे’ असे लिहिले, की डॉक्टर पुढे पाठवू शकतो. पालकांनी घरचे सांगावे. कारण हा प्रकार ठरवताना डॉक्टर बघतात ते हेच, की बाराव्या वर्षाआधी सुरू झाले का, घरी आणि शाळेत अशा दोन्हीकडे दिसते का, निदान सहा महिने टिकले का, आणि त्याने मुलाचे नुकसान होते का. नुसते एका मास्तरांच्या तासाला पोर दंगा करत असेल, तर दुखणे मास्तरांचेही असू शकते!

प्रत्येक वांड पोराला हे लेबल लावायचे नाही, हेही सांगून ठेवतो. आधी कान तपासा, कानात मळ साचला असला तरी पोर ‘लक्ष देत नाही’. डोळे तपासा. रात्रीची झोप पुरी होते का बघा, घरात रोजची भांडणे आहेत का बघा. फिटचा एक प्रकार असा असतो, की पोर काही सेकंद नुसते टक लावून राहते आणि आपण त्याला तंद्री म्हणतो. आणि निव्वळ कंटाळलेले हुशार पोरही दंगा करते. त्याला वरच्या वर्गाचे गणित द्या. त्यात रमून शांत झाले, वह्या-वस्तू सांभाळू लागले, तर बहुधा त्याला कामच कमी पडत होते. आवडीच्या कामातही ते घसरत असेल, तर पुढे दाखवावे. निदान मात्र डॉक्टरनेच करायचे, मास्तरांनी नाही आणि लेख लिहिणाऱ्यानेही नाही.

पथकाने पुढे पाठवले की जिल्हा रुग्णालयातल्या मुलांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचे. या कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. खरी अडचण आहे ती दिवस मोडण्याची. बापाची किंवा आईची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते, आणि एका फेरीत काम होत नाही. दोन फेऱ्यांनंतर माणूस म्हणतो, जाऊ दे, मोठा झाला की सुधारेल. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून अशा फेऱ्यांचे भाडे बसवता येईल का, हे सरपंचांनी आणि भाऊसाहेबांनी बसून बघावे. खर्च म्हणाल तर दिव्याच्या दोन खांबांइतकाही होणार नाही. फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

औषधाचे नाव काढले की घरात रडारड होते. "पोराला येड्याची गोळी?" असे आजी म्हणते. सहा वर्षांखालच्या मुलांना आधी औषध देत नाहीत. आईबापांनाच वागवायची रीत शिकवतात. मोठ्या मुलांना गरज असेल तर देतात, सगळ्यांना नाही. ही औषधे जुनी आहेत. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टराने या जातीच्या औषधाचा मुलांवर झालेला परिणाम लिहून ठेवला, आणि पुढे त्यावर भरपूर अभ्यास झाला. भूक कमी होते, झोप उडू शकते, म्हणून वजन-उंची बघत राहावे लागते. तज्ज्ञाने लिहून दिल्याशिवाय ती घ्यायची नाहीत, आणि मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने तर मुळीच नाही. चांगला गुण येणारी पोरे मी पाहिली आहेत, आणि औषधाशिवाय नीट मार्गाला लागलेलीही पाहिली आहेत.

आता शाळेत काय करायचे. याला ना निधी लागतो ना जीआर. पोराला पुढे बसवा, खिडकीपासून आणि दारापासून दूर. खोंड उधळते म्हणून कोणी त्याला जन्मभर दावणीला ठेवत नाही, जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपून त्याला शिकवतात. तसे शांत, समंजस पोर त्याच्या शेजारी द्या. काम तुकड्या-तुकड्याने द्या. वीस उदाहरणे एकदम दिली तर आठ सोडवून उठेल, पाच-पाच दिली तर वीसही होतील. मध्ये उठायचे कायदेशीर कारण द्या. घंटा वाजव, वह्या वाट, हापशावरून पाणी आण. तोंडी उत्तर येत असेल तर तोंडी घ्या आणि त्याचे गुण द्या. पेपर जमा करण्याआधी ‘मागचं पान बघ’ एवढे तीन शब्द बोला. (हे तीन शब्द मी १९९४ साली बोललो असतो तर!) आणि हुशार पोराच्या बाबतीत एक मोठी चूक टाळा. त्याने लवकर सोडवले, की आम्ही मास्तर त्याच जातीची आणखी दहा उदाहरणे देतो. म्हणजे लवकर काम केल्याची त्याला शिक्षाच. त्याला जास्त देऊ नका, अवघड द्या. गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना बोलवा. ते येत नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीने पत्र द्यावे. समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. नुसत्या सह्यांसाठी ती समिती नाही.

मारण्याबद्दल वेगळे लिहायला नको, पण लिहितो. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद आहेत. कायदा बाजूला ठेवला, तरी मारून हे पोर फक्त मार चुकवायला शिकते. मी मारून पाहिले आहे. दुसऱ्या दिवशीही मागचे पान कोरेच होते.

घरचे म्हणाल तर शेतकऱ्याच्या घरात या पोरांना एक मोठा धोका आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ही पोरे आधी करतात, मग विचार करतात, त्यामुळे त्यांना अपघात इतरांपेक्षा जास्त होतात. उघडी विहीर, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट, शेडमधला उघड्या तारांचा स्टार्टर, फवारणीच्या औषधाचा डबा. ‘हुशार आहे, त्याला सगळं कळतं’ म्हणून दहा वर्षांच्या पोराला एकट्याला मोटर चालू करायला पाठवू नका. कळते हे खरे, पण त्या क्षणी हात आधी जातो. कामे सांगताना एका दमात चार सांगू नका. ‘वासरू बांध, येताना डबा आण, काकाला निरोप दे आणि पाणी बघ’ यातले पहिले होईल, उरलेली तीन वाटेत सांडतील, आणि मग आपण म्हणणार मुद्दाम केले. एक सांगा, झाले की दुसरे सांगा. उंबऱ्याजवळ पाटी टांगा आणि शाळेला जाताना काय घ्यायचे ते खडूने लिहा. झाले की लगेच शाबासकी द्या, शनिवारची शाबासकी त्याच्या कामाची नाही.

मुलींबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलीत हा प्रकार बऱ्याचदा दंग्याने दिसत नाही, तंद्रीने दिसतो. ती गप्प बसते, खिडकीबाहेर बघते, दूध उतू जाते, निरोप विसरते. कोणाला त्रास नाही, म्हणून कोणी डॉक्टरकडे नेत नाही. आई म्हणते, "येंधळी आहे." सातवीपर्यंत पहिल्या पाचात असलेली मुलगी नववीत घसरली, की मुलगा असता तर शिकवणी लावली असती, तिला स्थळ बघायला लागतात. माझ्या वर्गात अशा दोघी-तिघी होत्या, हे मला आता, निवृत्तीनंतर उमगते. अंगणवाडी ताईंनी आणि आशा ताईंनी घरोघर जाताना एवढे विचारावे, की शाळेत आधी हुशार होती आणि आता मागे पडली, अशी मुलगी घरात आहे का?

पाचवी आणि आठवीच्या मुलांच्या बाबतीत यंदा जास्त सावध राहावे लागेल. २०१९ साली केंद्राने कायदा दुरुस्त केला आणि २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले. आता या दोन्ही वर्गांना वार्षिक परीक्षा आहे. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात बसावे लागते. मागचे पान कोरे ठेवणाऱ्या हुशार पोराला पाचवीत दुसऱ्यांदा बसवले, तर आधीच कंटाळलेले पोर तेच धडे पुन्हा ऐकणार. मग ते शाळेत टिकेल असे ज्यांना वाटते, त्यांनी एखादे असे पोर आठवडाभर सांभाळून बघावे.

मोटरवाल्याच्या पोराबद्दल सांगतो. बाईंशी बोललो. सुरुवातीला त्या जरा रागावल्या, मग बसल्या आणि आम्ही दोघांनी मिळून अर्धे पान लिहिले. ‘काय चांगले येते’ या ओळीला त्यांनी पेन थोडा वेळ तसाच धरला. मग लिहिले, "विजेच्या मोटरीचे काम समजावून सांगतो. वर्गातील पंखा त्याने दुरुस्त करून दिला." पंख्याची गोष्ट मला माहीत नव्हती, त्याच्या बापालाही नव्हती. बाईंनी त्या दिवशी त्याला मधल्या सुट्टीत न विचारता स्टुलावर चढला म्हणून उभे केले होते.

पथकाने कागद घेतला आणि पुढची चिठ्ठी दिली. जिल्हा रुग्णालयाची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. त्या दिवशी बाजार असतो, दुकानात गर्दी असते, तरी तो दुकान बंद ठेवणार आहे. "डॉक्टरांना म्हणणार आहे, पोराचं झालं की माझंही बघा," असे जाताना म्हणाला, आणि स्कूटरची किल्ली माझ्या ओट्यावर विसरून गेला.